बंदरावाचून आरमार



इ. स. १७८२ च्या फेब्रुवारीपासून १७८३ च्या जूनपर्यंत, म्हणजे अवघ्या सोळा-सतरा महिन्यांच्या अवधीत, चोळमंडळाच्या किनाऱ्यालगत आणि लंकेच्या पूर्वेकडील समुद्रात इंग्रज व फ्रेंच आरमारांच्या पाच मोठ्या लढाया झाल्या. पाचही वेळी सेनापती तेच होते. इंग्रजांकडे सर एडवर्ड ह्यूज आणि फ्रेंचांकडे पिएर आंद्रे द सुफ्रेन. या लढायांत डोलकाठ्या कोसळल्या, शिडांच्या चिंध्या झाल्या आणि दोन्ही बाजूंची शेकडो माणसे कामी आली. तथापि एकाही लढाईत कोणत्याही पक्षाचे एकही मोठे लढाऊ जहाज बुडाले नाही, की शत्रूच्या हाती लागले नाही. केवळ जमाखर्च पाहणारा मनुष्य म्हणेल, की एवढ्या खटाटोपाची निष्पत्ती शून्य. असे असूनही आरमारी युद्धशास्त्राचे अभ्यासक सुफ्रेनचे नाव आजही आदराने घेतात. मॅहन या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात या मोहिमेस फार मोठी जागा दिली आहे. ज्याला पाचांपैकी एकही लढाई निर्विवादपणे जिंकता आली नाही, त्याचा एवढा गौरव का व्हावा? आणि एवढी योग्यता अंगी असता त्याला ती का जिंकता आली नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बव्हंशी त्या एकाच पुरुषाच्या स्वभावात सापडतात.

सुफ्रेनचा जन्म १७ जुलै १७२९ रोजी दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, एक्स शहराजवळील सें-काना येथील वाड्यात झाला. थोरल्याने जहागीर सांभाळावी, एकाने धर्मसेवेत जावे आणि एखाद्या धाकट्याने तलवार किंवा समुद्र पत्करावा, अशी त्या काळच्या सरदार घराण्यांची रीत होती. या घराण्यातही एक भाऊ पुढे बिशप झाला, आणि पिएर आंद्रे १७४३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, आरमारात उमेदवार म्हणून दाखल झाला. पुढच्याच वर्षी तुलों बंदराबाहेरील लढाईत त्याने तोफांचा धूर पहिल्यांदा पाहिला. १७४७ साली फिनिस्तेर भूशिराजवळच्या लढाईत त्याचे जहाज इंग्रजांनी पकडले आणि अठरा वर्षांचा हा तरुण कैदी होऊन इंग्लंडला गेला. सुटका झाल्यावर तो माल्टा बेटावर गेला. तेथे सेंट जॉनच्या संघाची सत्ता होती. या संघाचे वीर एकाच वेळी व्रतस्थ आणि योद्धे असत. ते अविवाहित राहण्याची शपथ घेत आणि भूमध्य समुद्रातील चाच्यांविरुद्ध गस्तीच्या सफरी करीत. सुफ्रेनने ती दीक्षा घेतली. पुढे याच संघात तो 'बाय्यी' या वरिष्ठ पदास चढला, आणि फ्रान्समध्ये आजही त्याचा उल्लेख 'बाय्यी द सुफ्रेन' असाच होतो.

सप्तवार्षिक युद्धात त्याला दुसऱ्यांदा कैद घडली. १७५९ साली फ्रेंच सेनापतीचे 'ओसेआँ' हे जहाज इंग्रजांच्या पाठलागामुळे पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, लागोसजवळ, आसऱ्यास गेले. पोर्तुगाल या युद्धात तटस्थ होता. त्याच्या समुद्रात लढाई करणे हे राष्ट्राराष्ट्रांतील संकेताविरुद्ध होते. परंतु इंग्रज सेनापती बॉस्कावेन याने त्या संकेताची पर्वा न करता ते जहाज तेथेच गाठले. त्या जहाजावर सुफ्रेन होता. ही गोष्ट तो विसरला नाही. तिचा पडताळा पुढे यावयाचा होता.

या दोन पराभवांतून त्याच्या मनात एक विचार पक्का झाला. त्या काळच्या फ्रेंच आरमाराची शिकवण अशी, की जहाजे मोलाची आहेत, ती जपावी. नेमून दिलेली कामगिरी उरकावी. शत्रूशी गाठ पडलीच तर सारी जहाजे एका ओळीत ठेवून दुरून तोफा डागाव्या आणि धोका दिसताच अंग काढून घ्यावे. सुफ्रेनला हे मान्य नव्हते. शत्रूचे आरमार शाबूत आहे तोपर्यंत कोणतीही कामगिरी पुरी झाली असे नाही. म्हणून त्याच्या अंगावर जावे, त्याच्या ओळीच्या एका भागावर आपले बळ एकवटावे, आणि बाकीची जहाजे मदतीस येण्यापूर्वी त्या भागाचा निकाल लावावा, असे त्याचे मत होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात देस्तें या सेनापतीच्या हाताखाली 'फांतास्क' या चौसष्ट तोफांच्या जहाजावर असताना त्याने हे धाडस दाखविले. १७७९ च्या जुलैत ग्रेनेडा बेटाजवळील लढाईत फ्रेंच ओळीच्या अग्रभागी त्याचेच जहाज होते आणि त्यावरील साठांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. त्या दिवशी इंग्रजांची मोडलेली जहाजे हातची सुटली, याचे शल्य त्याने आपल्या पत्रात स्पष्ट शब्दांत नमूद केले. सेनापती शूर आहे, पण तेवढाच कसलेला दर्यावर्दी नाही, असा त्याचा अभिप्राय होता. विशेष हे, की देस्तेंने त्याबद्दल राग न धरता त्याची शिफारसच केली.

१७८१ च्या मार्च महिन्यात पाच लढाऊ जहाजे घेऊन सुफ्रेन ब्रेस्त बंदरातून निघाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला डच लोकांची केप वसाहत होती, तिचे रक्षण करणे हे त्याचे पहिले काम. कमोडोर जॉन्स्टन हा इंग्रज अधिकारी तीच वसाहत घेण्यास निघाला होता. वाटेत पाणी भरण्यासाठी सुफ्रेन केप व्हर्दे बेटांकडे वळला, तो १६ एप्रिल रोजी पोर्तो प्राया बंदरात जॉन्स्टनचा सारा ताफा नांगर टाकून उभा असलेला दिसला. बंदर पोर्तुगीजांचे, म्हणजे तटस्थांचे. लागोसचा प्रसंग ज्याने डोळ्यांनी पाहिला होता, त्याने येथे क्षणभरही विचार केला नाही. 'एरो' या आपल्या चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजासह तो थेट बंदरात शिरला आणि शत्रूच्या मध्यभागी नांगर टाकून तोफा सुरू केल्या.

पण मागे वळून पाहतो तो दुसरे एकच जहाज खऱ्या अर्थाने त्याच्या साथीस आलेले होते. त्या 'आनिबाल' जहाजाच्या कप्तानाला तटस्थ बंदरात लढाई होईल असे वाटलेच नव्हते. त्याने तोफा लढाईसाठी मोकळ्याही केल्या नव्हत्या. तो तेथेच ठार झाला आणि जहाजाच्या डोलकाठ्या कोसळल्या. उरलेली जहाजे गोंधळून वाऱ्याबरोबर पुढे वाहत गेली. दीड तासात सुफ्रेनला बाहेर पडावे लागले. लढाई म्हणून हा प्रसंग फसला. परंतु जॉन्स्टन दुरुस्तीत गुंतून राहिला, सुफ्रेन त्याच्या आधी केपला पोहोचला आणि ती वसाहत वाचली. पुढच्या साऱ्या मोहिमेचे चित्र या एका सकाळी जणू रेखाटले गेले होते. एका बाजूस सेनापतीची झडप, दुसऱ्या बाजूस मागे राहिलेले कप्तान, आणि तरीही हाती लागलेले फळ.

तेथून फ्रेंचांच्या ताब्यातील मॉरिशस बेटावर जाऊन, दोर्व्ह या वयस्क सेनापतीच्या हाताखाली तो हिंदुस्थानकडे निघाला. दोर्व्ह ९ फेब्रुवारी १७८२ रोजी वाटेतच मरण पावला आणि सारे आरमार सुफ्रेनकडे आले. त्या वेळी त्याचे वय बावन्न होते. देह स्थूल, पोशाख गबाळा, अंगात बहुधा नुसता सदरा आणि डोक्यावर जुनी टोपी. पुढे त्रिंकोमालीस विल्यम हिकी या इंग्रजाने त्याला पाहिले, तेव्हा हा आरमाराचा सेनापती नसून एखादा खाटीक असावा असे त्याला प्रथम वाटले.

आता या समुद्राचे स्वरूप थोडे लक्षात घेतले पाहिजे. कारण खरी लढाई इंग्रजांशी होती त्याहून अधिक या समुद्राशी होती. चोळमंडळाचा किनारा सरळ आणि उघडा आहे. मद्रास, पाँडिचेरी, कडलूर या साऱ्या ठिकाणी त्या काळी जहाजे किनाऱ्यापासून दूर, उघड्या समुद्रात नांगरावी लागत. ऑक्टोबरात ईशान्येचे वारे सुटले, की तेथे थांबणे म्हणजे जहाजांचा नाश ओढवून घेणे. सुरक्षित असे एकच बंदर जवळ होते, ते लंकेतील त्रिंकोमाली. आणि ते १७८२ च्या जानेवारीतच इंग्रजांनी डचांकडून घेतले होते. पाँडिचेरी तर १७७८ पासून इंग्रजांच्याच हाती होती. म्हणजे सुफ्रेन ज्या किनाऱ्यावर लढावयास आला, तेथे जहाज दुरुस्त करावयास त्याला हातभर जागा नव्हती. त्याचे सर्वांत जवळचे ठाणे मॉरिशस. तेथे जाऊन येण्यास कित्येक आठवडे लागत, आणि तेथेही धान्य व लाकूड यांची चणचणच होती.

याउलट इंग्रजांच्या पाठीशी मुंबई होती. मुंबईस १७५० च्या सुमारास बांधलेली कोरडी गोदी होती. सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यातील कुशल पारशी कारागीर तेथे काम पाहत. जहाजाच्या तळाला चढलेले शेवाळ व शिंपले काढावयाचे, कुजलेली फळी बदलावयाची किंवा नवी डोलकाठी उभी करावयाची, तर साऱ्या हिंदी महासागरात त्या तोडीची जागा दुसरी नव्हती. पावसाळी वादळांपूर्वी ह्यूज लंकेला वळसा घालून मुंबई गाठी आणि वसंतात जहाजे नवी करून परते. मद्रासेच्या समुद्रात झालेल्या लढायांचा एक आधार अशा रीतीने कोकण किनाऱ्यावर होता.

राजकारणाची बाजूही अशीच होती. १७८० पासून हैदरअल्ली, निजाम आणि पुणे दरबार यांनी इंग्रजांविरुद्ध जूट केली होती. हैदरने मंगळूर वगैरे ठिकाणी उभारलेली जहाजे १७८० च्या डिसेंबरात ह्यूजनेच जाळली होती. त्यामुळे समुद्रावर इंग्रजांना शह देण्यास हैदरला फ्रेंचांवाचून गत्यंतर नव्हते. परंतु सुफ्रेन किनाऱ्यावर आल्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ मे १७८२ रोजी, ग्वाल्हेर प्रांतात सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे व इंग्रज यांचा तह ठरला. जूट सैल पडली आणि हैदर जवळजवळ एकाकी झाला. सुफ्रेन आपल्या आरमाराला जो टेकू शोधत होता, तो असा हळूहळू निसटत होता.

पहिली लढाई १७ फेब्रुवारी १७८२ रोजी मद्रासच्या दक्षिणेस सद्रासजवळ झाली. जहाजांची संख्या फ्रेंचांकडे अधिक होती. सुफ्रेनने ठरल्याप्रमाणे इंग्रजांच्या ओळीची पिछाडी गाठली. त्या ओळीच्या शेवटी असलेल्या 'एक्सेटर' जहाजाची तर चाळण झाली. आणखी काही फ्रेंच जहाजे दुसऱ्या अंगाने येऊन भिडती, तर तो भाग कापलाच गेला असता. पण ती दूर राहिली. वारा फिरला, अंधार पडला आणि संधी गेली.

दुसरी लढाई १२ एप्रिलला लंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रोव्हिदियें बेटाजवळ झाली. ती पाचांत अत्यंत रक्तरंजित होती. संध्याकाळी वादळी पावसात दोन्ही आरमारांनी किनाऱ्याच्या खडकांना चुकवीत जेमतेम नांगर टाकले, आणि पुढचा आठवडाभर एकमेकांच्या नजरेसमोर दोघेही आपापल्या डोलकाठ्या सांधीत बसले. पुन्हा हल्ला चढविण्याची ताकद कोणातच उरली नव्हती.

तिसरी ६ जुलैला नागपट्टणासमोर. या वेळी वारा एकाएकी फिरून दोन्ही ओळी विस्कटल्या. त्या गोंधळात 'सेव्हेर' या फ्रेंच जहाजाच्या सिलार नामक कप्तानाने घाबरून निशाण उतरविण्याचा हुकूम दिला. परंतु हाताखालच्या अधिकाऱ्यांनी शरण जाण्याचे साफ नाकारले, तोफा पुन्हा सुरू केल्या आणि निशाण परत चढविले. लढाईनंतर ह्यूजने ते जहाज आपले म्हणून मागितले, तेव्हा निशाणाची दोरी तुटली होती, असे उत्तर सुफ्रेनने पाठविले. मात्र सिलारला त्याने पदावरून दूर केले, आणि आणखी दोघा कप्तानांनाही मॉरिशसला परत धाडले.

या लढाईनंतरचे तीन आठवडे हे सुफ्रेनच्या कर्तृत्वाचे खरे शिखर होय. जहाजे मोडकळीस आलेली. कडलूरच्या उघड्या किनाऱ्यावर ना गोदी, ना लाकूड, ना दोर. दुसरा सेनापती मॉरिशसला निघून गेला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. सुफ्रेन हलला नाही. त्याने लहान जहाजांच्या आणि मालवाहू गलबतांच्या डोलकाठ्या उपटून मोठ्या जहाजांवर चढविल्या. किनाऱ्यावरील घरे पाडून त्यांच्या तुळया फळ्यांसाठी आणविल्या. पकडलेल्या इंग्रज गलबतांतील धान्य आणि दारूगोळा यांवर आरमार पोसले. तो स्वतः सदऱ्याच्या बाह्या सरसावून सुतारांत आणि खलाशांत दिवसभर उभा राही. १ ऑगस्टला त्याचे आरमार पुन्हा समुद्रात होते. आणि ह्यूज मात्र मद्रासला आपली जहाजे दुरुस्त करीत राहिला होता.

याच अवधीत, २६ जुलै रोजी, सुफ्रेनची हैदरअल्लीशी भेट झाली. हैदर आपले सैन्य घेऊन मुद्दाम कडलूरनजीक आला होता. दरबारी रिवाजाप्रमाणे गालिच्यावर मांडी घालून बसणे या लठ्ठ सेनापतीला जमेना. त्याची तारांबळ पाहून हैदरने तक्के मागविले आणि रिवाज बाजूस ठेवून त्याला सुखाने बसविले, असे सांगतात. दोघेही स्वतःच्या हिमतीवर वर आलेले, दोघांनाही दिखाऊपणाचा तिटकारा. फ्रान्सकडून आलेल्या माणसांपैकी हा एक तरी बोलतो ते करतो, असा विश्वास हैदरला वाटला.

परंतु या मैत्रीशी एक काळी गोष्टही निगडित आहे आणि ती लपवून ठेवणे न्यायाचे होणार नाही. सुफ्रेनजवळ शेकडो इंग्रज कैदी साचले होते. त्यांना खावयास घालणे त्याला शक्य नव्हते. मद्रासकरांशी अदलाबदलीची बोलणी फळास आली नाहीत. तेव्हा त्याने ते कैदी हैदरच्या स्वाधीन केले. त्यांतील कित्येक म्हैसूरच्या तुरुंगांत खितपत पडले. काही कोवळ्या मुलांना तर जबरदस्तीने धर्मांतर करून चाकरीत घेण्यात आले. जो स्वतः दोनदा कैदी झाला होता आणि ज्याने दीनांच्या सेवेचे व्रत घेतलेल्या संघाची दीक्षा घेतली होती, त्याने हे करावे, याचे त्याच्या चाहत्यांनाही समर्थन करता आलेले नाही. अन्नटंचाई खरी होती. पण माणसे ही काही जड झालेल्या मालासारखी दुसऱ्याच्या पदरात टाकावयाची वस्तू नव्हे.

ऑगस्टच्या अखेरीस सुफ्रेनने अचानक त्रिंकोमालीवर उतरून काही दिवसांतच तेथील किल्ले घेतले. ह्यूज २ सप्टेंबरला तेथे पोहोचला, तो किल्ल्यावर फ्रेंच निशाण फडकत होते. अखेर आरमाराला बंदर मिळाले! शहाणपण असे सांगत होते, की आता बंदरात स्वस्थ राहावे. पण शत्रू समोर दिसत असता स्वस्थ बसणे सुफ्रेनला ठाऊक नव्हते. ३ सप्टेंबरला चौदा जहाजे घेऊन तो इंग्रजांच्या बारांवर निघाला.

त्या दिवशी जे घडले, त्यात त्याच्या अपयशाचे मर्म आहे. ह्यूज कुशलतेने मागे सरत राहिला. ओळ लावता लावता फ्रेंचांचे तासचे तास गेले. तरीही ती नीट लागेना. सुफ्रेनचा धीर सुटला. निशाणाच्या खुणेकडे कप्तानांचे लक्ष वेधावे म्हणून त्याने एक तोफ उडविण्यास सांगितले. त्याच्याच जहाजावरील गोलंदाजांना वाटले, लढाईस तोंड लागले; त्यांनी साऱ्या तोफा एकदम डागल्या. ते ऐकून इतर जहाजांनी आहे त्या ठिकाणाहून, नीट पल्ल्यात न येताच, गोळागोळी आरंभिली. मध्यभागी 'एरो', 'इल्युस्त्र' आणि 'आजाक्स' एवढी तीन जहाजेच शत्रूला भिडली. त्या दिवशी मेलेल्या फ्रेंचांपैकी बहुतेक या तिघांवरचे होते. 'एरो'ची मुख्य डोलकाठी निशाणासकट समुद्रात कोसळली. शत्रूने जयघोष केला. त्या काळी फ्रान्सच्या राजाचे निशाण पांढरे असे. ते पडलेले पाहताच, असतील नसतील तेवढी पांढरी निशाणे आणून जहाजाच्या चारी अंगांनी लावा, असे सुफ्रेन ओरडून सांगू लागला. ती तीन जहाजे रात्रीपर्यंत झुंजली आणि वाचली. पण विजय पुन्हा हुकला. परतताना 'ओरियां' हे मोठे जहाज खडकावर आदळून फुटले; जे शत्रूला साधले नव्हते ते निष्काळजीपणाने साधले.

सुफ्रेनने मंत्र्यास संतापाने लिहिले, की आपल्याला कप्तानांनी दगा दिला. त्रोम्लें वगैरे काही कप्तान आजाराच्या सबबीवर रजा मागून निघून गेले. पुष्कळ वर्षे इतिहासकारांनीही हाच निवाडा खरा मानला. त्यात तथ्य आहे. काही जण कामचुकार होते, काही मत्सरी होते, काहींना नव्या पद्धतीची धास्ती होती. परंतु सारा दोष त्यांचाच म्हणता येईल काय? सुफ्रेन आपला बेत मनात ठेवी. लढाईपूर्वी तो कप्तानांना जवळ बसवून आपण काय करणार, कोणी कोठे भिडावयाचे, निशाण दिसले नाही तर काय करावयाचे, हे समजावून सांगत नसे. थोडक्या लेखी सूचना आणि धुरात दिसेनाशा होणाऱ्या खुणा, एवढ्यावर त्याची भिस्त. जुन्या पद्धतीत वाढलेल्या माणसांकडून तो नव्या पद्धतीची अपेक्षा करी; ती पुरी झाली नाही, की जिभेचा आसूड उडवी. यानंतर सोळा वर्षांनी नाईल नदीच्या मुखाशी जिंकणारा इंग्रज सेनापती नेल्सन हाही तितकाच झेपावणारा होता. पण तो आपल्या कप्तानांना पंक्तीस घेऊन जेवी आणि जेवता जेवता आपला सारा बेत त्यांच्या गळी उतरवी. त्यामुळे प्रत्यक्ष लढाईत हुकमाची वाट पाहण्याची कोणास गरज पडली नाही. नेल्सनचे कप्तान नेल्सनच्या डोक्याने लढले. सुफ्रेनचे कप्तान सुफ्रेनकडे पाहत राहिले. अर्थात नेल्सनला वर्षानुवर्षे समुद्रावर घटलेली माणसे मिळाली होती, सुफ्रेनला तशी नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

हिवाळ्यात सुमात्रा बेटावरील अचे बंदरात आश्रय घेऊन सुफ्रेन १७८३ च्या आरंभी परतला, तो ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर निवर्तल्याची वार्ता त्याला कळली. मार्चमध्ये फ्रान्सहून बुसी सैन्य घेऊन आला. हैदराबादेत निजामाच्या दरबारी १७५१ पासून सात वर्षे ज्याने आपला दरारा बसविला होता, तोच हा बुसी. पण आता तो संधिवाताने जर्जर झालेला वृद्ध होता. जूनमध्ये इंग्रज सेनापती स्टुअर्टने त्याला कडलूरमध्ये कोंडले आणि ह्यूज अठरा जहाजे घेऊन समुद्राची बाजू रोखून उभा राहिला. सुफ्रेनजवळ पंधराच जहाजे होती. त्यांवर खलाशी पुरेसे नव्हते. त्याने बुसीकडून बाराशे माणसे उसनी घेतली, त्यांत निम्मे हिंदी शिपाई होते. २० जून १७८३ रोजी शेवटची लढाई झाली. दोन्हीकडील सुमारे शंभर-शंभर माणसे पडली. या वेळी सुफ्रेनने अवघड डाव न टाकता साधी, सरळ ओळ लावली, आणि आश्चर्य असे, की या वेळी सारे कप्तान लढले. पाण्याच्या टंचाईने आणि रोगराईने त्रस्त झालेला ह्यूज मद्रासला निघून गेला. कडलूरचा वेढा आता वेढा घालणाऱ्यांनाच जड जाणार, असे दिसू लागले. इतक्यात २९ जूनला एक इंग्रज जहाज पांढरे निशाण लावून आले. युरोपात तहाच्या अटी जानेवारीतच ठरल्या होत्या! शेवटच्या लढाईतील माणसे, तह ठरून पाच महिने लोटल्यावर मेली होती.

या तहाने फ्रान्सला पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर ही जुनी ठाणी तेवढी परत मिळाली. त्रिंकोमाली डचांकडे गेले. ज्या पाँडिचेरीवर पुढे १९५४ च्या नोव्हेंबरपर्यंत फ्रेंचांचा अंमल राहिला, ती हाती राहण्यास सुफ्रेनची चिकाटी काही अंशी तरी कारण झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

परतीच्या वाटेवर १७८३ च्या डिसेंबरात केपच्या बंदरात एक हृद्य प्रसंग घडला. तेथे हिंदुस्थानाहून परतणारी इंग्रज जहाजेही येऊन नांगरली. त्यांचे कप्तान सुफ्रेनच्या जहाजावर त्याला मानवंदना देण्यास आले, आणि त्यांच्या अग्रभागी होता कमोडोर किंग. सद्रासच्या लढाईत ज्या 'एक्सेटर'ची चाळण झाली, त्याच जहाजावरून लढलेला. आपल्या साऱ्या सत्कारांत हा सत्कार आपल्याला अधिक सुखावून गेला, असे सुफ्रेनने लिहून ठेवले आहे. स्वतःच्या कप्तानांनी जे दिले नाही ते शत्रूच्या कप्तानांनी दिले, यातील गोडी आणि खंत दोन्ही त्याला जाणवली असतील.

२६ मार्च १७८४ रोजी तो तुलोंला पोहोचला. राजाने त्याच्यासाठी व्हाइस-ॲडमिरलचे चौथे पद मुद्दाम निर्माण केले. ते त्याच्या हयातीपुरतेच असावयाचे होते. प्रोव्हान्स प्रांताने त्याच्या गौरवार्थ पदक पाडले. त्यानंतर पुन्हा समुद्रावर सेनापती म्हणून जाण्याचा योग आला नाही. ८ डिसेंबर १७८८ रोजी पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला. पुढे सेंट हेलिना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनने, हा पुरुष आपल्या काळात असता तर आपण त्याला फ्रान्सचा नेल्सन केला असता, अशी हळहळ व्यक्त केल्याची नोंद आहे.

त्याला पुरले होते ते पॅरिसमधील संघाच्या मंदिरात. १७९३ साली क्रांतीच्या धामधुमीत ती कबर उकरली गेली आणि अस्थी फेकून दिल्या गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तुलों बंदर सोडताना इंग्रजांनी तेथील जी फ्रेंच जहाजे जाळली, त्यांत 'एरो'ही होते. अशा रीतीने सेनापती आणि त्याचे जहाज यांची निशाणी एकाच वर्षी नाहीशी झाली. फ्रेंच आरमाराने मात्र त्याचे नाव टाकले नाही. आज त्या आरमारातील एका अणुशक्तीच्या पाणबुडीवर ते नाव आहे.

सुफ्रेनचा गौरव कशासाठी करावयाचा, याचे उत्तर आता देता येईल. लढाया त्याने जिंकल्या नाहीत. पण प्रत्येक लढाईनंतर, बंदर नसताना, गोदी नसताना, द्रव्य नसताना, तो पुन्हा उभा राहिला. ह्यूजला मुंबई होती. सुफ्रेनला स्वतःचा निर्धार हीच गोदी होती. त्या निर्धाराने मोडलेली जहाजे सांधता आली. त्याच जहाजांवरील माणसांची मने मात्र त्याला सांधता आली नाहीत. आणि कडलूरच्या किनाऱ्यावर फळी फळी हाताने तपासणाऱ्या त्या सेनापतीला हे काम दुसऱ्याइतकेच आपलेही आहे, हे शेवटपर्यंत पुरते उमगले नाही.